अत्याचाराची फिर्याद: सोलापूर जिल्ह्यात कुठं जायचं, काय लिहायचं, कोणत्या क्रमानं

'अ‍ॅट्रॉसिटी टिकत नाही' हे वाक्य पारावर, कोर्टाच्या कँटीनमध्ये, कुठंही ऐकू येतं. न टिकलेल्या केसचे कागद उघडून बसलं की बहुतेकदा एकच गोष्ट दिसते. घटना घडलेली असते, पण फिर्यादीत ती नीट आलेली नसते. जातीचा उल्लेख राहिलेला असतो, साक्षीदार कोण ते लिहिलेलं नसतं, उशीर का झाला ते सांगितलेलं नसतं. दोन वर्षांनी कोर्टात उभं राहून ते सांगायला गेलं की आरोपीचा वकील एकच विचारतो: हे फिर्यादीत का नाही?

म्हणून इथं सगळा भर पहिल्या दोन दिवसांवर आहे. पुढचे टप्पे थोडक्यात घेतले आहेत.

टप्पा १: आधी कायदा कोणता ते ठरवा

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ हा फिर्यादी या दोन यादींतला आणि आरोपी यादीबाहेरचा असेल तरच लागतो. सोलापूर जिल्ह्यात इथंच मोठा गोंधळ होतो.

फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना कायदा लागतो. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, पण सोलापुरात विमुक्त जातीत. दक्षिण सोलापूरच्या तांड्यावरचा लमाण महाराष्ट्रात विमुक्त जातीत येतो, त्याचे विजयपूर किंवा कलबुर्गीकडचे सोयरे मात्र कर्नाटकात अनुसूचित जातीत. कर्नाटकात तो दर्जा असलेला माणूस इथं आला आणि त्याच्यावर अत्याचार झाला, तर संरक्षण त्याच्याबरोबर येतं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२३ मध्ये दिला आहे. पोलीस ठाण्यात हे माहीत असेलच असं धरू नका.

बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीनं कायम आहे. दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं असेल तर मूळ जातीचा उल्लेख असलेला प्रांतांचा जातीचा दाखला काढून ठेवा.

मुस्लिम, ख्रिस्ती किंवा विमुक्त-भटक्या कुटुंबावर जमाव चालून आला तर हा कायदा लागत नाही म्हणून हात टेकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) आणि जबर दुखापतीसाठी ११७(४) आहे. दोन समाजांत तेढ लावणाऱ्या भाषणाला किंवा पोस्टला १९६ आहे. जमावाच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी असावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

वाळीत टाकण्याच्या प्रकरणात आणखी एक फरक आहे. स्वतःच्याच समाजाच्या जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार कायदा, २०१६. गावातल्या वरच्या जातींनी दलित वस्तीवर बहिष्कार घातला तर अत्याचार कायद्याचं कलम ३(१)(झेडसी). पहिल्या प्रकारात दुसरं कलम लावून आणलेली फिर्याद सरळ पडते.

टप्पा २: वातावरण तापायला लागलं की लेखी द्या

मिरवणुकीचा रस्ता, निळ्या झेंड्याची जागा, स्मशानभूमीची वाट, आंतरजातीय लग्न. गावातलं भांडण एका रात्रीत पेटत नाही, आठ-पंधरा दिवस आधी कुजबुज असते. त्या काळात तोंडी सांगणं म्हणजे न सांगणं. 'साहेबांच्या कानावर घातलंय' याला कागदावर काही किंमत नाही.

एक पानी अर्ज करा. कोण काय बोललं, कधी, कोणत्या दिवशी काय होण्याची भीती आहे, बंदोबस्त कुठं हवा. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक तहसीलदारांकडे, एक उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे. तिन्हींवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पुढं काही घडलं तर प्रशासनाला आधी माहीत होतं याचा हाच पुरावा.

किराणा दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, शेतावर कामाला बोलावत नाहीत, असं सुरू झालं तर एक वही घाला. तारीख, वेळ, कोणाकडे गेलो, त्यानं कोणत्या शब्दांत नकार दिला, बरोबर कोण होतं. दुकानात एकट्यानं जाऊ नका. बहिष्काराचा पुरावा एका मोठ्या घटनेत सहसा सापडत नाही, तो अशा बारीक नोंदींतून उभा राहतो.

टप्पा ३: घटना घडल्यावरचे पहिले तास

क्रम असा: माणसं सुरक्षित ठिकाणी, मग ११२ ला फोन, मग दवाखाना, मग ठाणे. अंगावर मार असेल तर दवाखाना ठाण्याच्या आधी. फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते, ती पुसू नका.

ग्रामीण रुग्णालयात, पंढरपूरला उपजिल्हा रुग्णालयात किंवा सोलापूरला सिव्हिलला गेलात की पहिल्यांदा सांगा: मारहाण झाली आहे, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यात होणारी नोंद) करा. 'पोलिसांची यादी (म्हणजे ठाण्याचं पत्र) आणा, मग बघू' असं ऐकायला मिळेल. जखमीवर उपचार यादीसाठी थांबवता येत नाहीत, शांतपणे पण ठामपणे हे सांगा. डॉक्टर विचारतील कसं लागलं. तिथं भीतीपोटी 'पडलो' असं सांगणारे बरेच आहेत. केसपेपरवर 'पडल्यामुळे' असं एकदा लिहिलं गेलं की पुढं ते पुसता येत नाही. मुका मार, कानावर मारलेली चापट, दाबलेला गळा हेही दाखवा. रक्त नाही म्हणून जखम नाही असं नसतं.

फाटलेले, रक्ताचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये कुजतात.

*व्हिडिओबद्दल सावध:* ज्या मोबाईलवर चित्रण झालं तो मोबाईल हाच पुरावा. क्लिप कापून, गाणं लावून, दहा ग्रुपवर फिरवून तिची किंमत घालवू नका. मूळ फाईल तशीच ठेवा. कोर्टात ती द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणावरून करणं सोपं जातं.

टप्पा ४: ठाण्यात जाण्याआधी घरी कच्चं लिहा

पूर्ण लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ठाण्यात गर्दी, वायरलेसचा आवाज, समोर घाईत असलेला अंमलदार. तिथं आठवून सांगायला गेलात तर निम्मं राहतं.

नेहमी दिसणारं वाक्य असं असतं: 'आरोपीने मला जातीवाचक शिवीगाळ करून मारहाण केली.' हे वाक्य जवळजवळ निरुपयोगी आहे. अत्याचार कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) साठी अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो आणि शिवी जातीच्या नावानं दिलेली असावी लागते. या वाक्यात शिवी कोणती ते नाही, कोण बघत होतं ते नाही, आरोपी कोणत्या जातीचा ते नाही. तेच असं लिहिता येतं:

'रविवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मी मारुतीच्या देवळासमोरच्या पारावरून जात असताना, आमच्या शेजारच्या रानाचा मालक अमुक, जो मला व माझ्या घरच्यांना लहानपणापासून ओळखतो, आम्ही अनुसूचित जातीचे आहोत हे त्याला माहीत आहे, व जो स्वतः अमुक जातीचा आहे, त्याने पारावर बसलेले तमुक व तमुक यांच्या देखत मोठ्याने म्हटले की...' आणि पुढं तेच शब्द, जसेच्या तसे.

शब्द लिहायला लाज वाटते, अंमलदारालाही टाइप करायला अवघड वाटतं. तरी लिहायचेच. 'अश्लील व जातीवाचक शब्द वापरले' असं सभ्य करून घेतलं तर कोर्टाकडे मोजायला काहीच राहत नाही.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात शिवी पुष्कळदा कानडीतून येते. फिर्याद मराठीत टाइप होते आणि अंमलदार त्याचा अर्थ लिहून मोकळा होतो. मूळ कानडी शब्द देवनागरीत जसे ऐकले तसे लिहून घ्या, पुढं मराठी अर्थ. नाहीतर साक्षीदार कोर्टात कानडी शब्द सांगेल, फिर्यादीत दुसरेच मराठी शब्द असतील, आणि उलटतपासणीत ती विसंगती ठरेल. फिर्यादीला मराठी नीट वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला आपला माणूस बरोबर न्या.

कच्च्या मजकुरात या गोष्टी हव्यातच:

- दिवस, वेळ, नेमकी जागा. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' धरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सांगितलं आहे. अंगणात झालं आणि रस्त्यावरून लोक बघत होते, तर तसं लिहा.
- फिर्यादीची जात आणि आरोपीची जात, दोन्ही. आरोपीची जात न लिहिल्यामुळे रद्द झालेल्या फिर्यादी आहेत.
- आरोपीला तुमची जात माहीत होती ती कशी.
- कोणी काय केलं, नावानिशी. काठी कोणाच्या हातात, लाथ कोणी मारली.
- जुना वाद असेल तर तो. बांधाचा वाद लपवू नका, तो निघतोच. वाद बांधाचा होता, पण त्यात जात कशी काढली, ते लिहा.
- उशीर झाला असेल तर का: दवाखान्यात होतो, धमकी होती, गावातून निघायला वाहन नव्हतं.

*सावध:* रागाच्या भरात पूर्ण भावकीची नावं घालू नका. तिघांनी मारलं आणि फिर्यादीत अकरा जण असले, की आठ जण त्या दिवशी गावात नव्हते हे सिद्ध करून आरोपी बाकी तिघांनाही सोडवून नेतात. न घडलेला विनयभंग 'केस मजबूत होते' म्हणून जोडायला सांगणारा सल्लागार गावोगावी भेटतो. त्याला दारातूनच परत पाठवा.

टप्पा ५: ठाण्यात

सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयात आहे, बाकी जिल्हा पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण यांच्याकडे. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायला सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७३ मध्ये घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी खबर घ्यावी असं स्पष्ट आहे. हद्द पोलिसांनी नंतर बघायची. महिलेवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते.

आता सगळ्यात सर्रास होणारी चूक. लोक 'तक्रार अर्ज' देतात, आवक शिक्का घेतात आणि गुन्हा दाखल झाला असं समजून घरी येतात. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. तो 'अर्ज चौकशी'त जातो आणि महिनाभर तिथंच असतो. तोवर गावात मिटवामिटवी सुरू होते. अत्याचार कायद्याच्या कलम १८अ प्रमाणे त्याखालचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. हे कलम २०१८ मध्ये आलं आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये ते वैध ठरवलं. नागरिक सुरक्षा संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या चौकशीची सोय आहे. ती दाखवून कोणी थांबवू लागलं तर १८अ दाखवा. एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून दिली तरी तेच. अत्याचार कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत.

सही करण्याआधी:

१. तोंडी सांगितलेलं लिहून झाल्यावर ते वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अत्याचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, फक्त 'वाचून दाखवा' म्हणा.

२. तुमचा कच्चा कागद शेजारी धरून मुद्दे जुळवा. शब्द, जात, साक्षीदार, वेळ.

३. कलमं बघा. केवळ न्याय संहितेची कलमं लावून अत्याचार कायदा 'तपासात लावू' असं सांगतील. त्याच वेळी लावायचा आग्रह धरा, कारण कोणत्या दर्जाचा अधिकारी तपास करणार हे त्यावरच ठरतं.

४. प्रत लगेच, मोफत. ती हातात येईपर्यंत ठाण्यातून हलू नका.

जातीचा दाखला नाही म्हणून गुन्हा थांबवता येत नाही. तो नंतर दिला तरी चालतो.

टप्पा ६: घेतलीच नाही तर

तीच फिर्याद सही करून पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तांना, स्पीड पोस्टानं पाठवा. पावती आणि पोचपावती जपा. हा टप्पा गाळून थेट कोर्टात गेलेल्यांचे अर्ज अडतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली आदेश मागायचा तर अधीक्षकांकडे गेल्याचा कागद आणि शपथपत्र दोन्ही लागतं. अत्याचार कायद्याखालच्या विशेष न्यायालयाला थेट दखल घेण्याचाही अधिकार आहे.

याच वेळी राष्ट्रीय अत्याचारविरोधी हेल्पलाइन १४५६६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

*सावध:* या मधल्या दिवसांत तंटामुक्त समिती, पोलीस पाटील, पाहुणे सगळे येतील. गावात शांतता राहावी म्हणून बोलणं वेगळं, पण कोऱ्या कागदावर किंवा शंभराच्या स्टॅम्पवर सही करणं वेगळं. 'गैरसमजातून तक्रार दिली' अशी एक ओळ पुढच्या सगळ्या कागदांवर भारी पडते. हे गुन्हे गावानं बसून मिटवायचे नसतात, तो अधिकारच समितीला नाही.

टप्पा ७: तपासाचे साठ दिवस

अत्याचार कायद्याखालच्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं. ग्रामीणमध्ये ते उपविभागीय पोलीस अधिकारी, शहरात सहायक पोलीस आयुक्त. त्यांचं नाव आणि कार्यालय पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

पंचनाम्याला हजर राहा. पार कुठं, रस्ता कुठं, साक्षीदार कुठं उभे होते, तिथून ऐकू येतं का, हे दाखवा. 'लोकांच्या नजरेसमोर' हा मुद्दा शब्दांइतकाच नकाशावर सिद्ध होतो.

फिर्याद झाल्यावर एक-दोन दिवसांत उलटी केस येणं ठरलेलं असतं: चेन ओढली, शेतात चोरी केली, बाईचा हात धरला. घाबरून मूळ फिर्याद मागं घेऊ नका. आपल्या माणसांच्या त्या वेळच्या जागेचे पुरावे, सीसीटीव्ही, फोनच्या नोंदी तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. सीसीटीव्हीवर जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळं दुकानदाराकडे त्याच दिवशी विनंती करा आणि तपास अधिकाऱ्याला कळवा.

आपल्याकडचा खास प्रश्न ऊसतोडीचा. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की साक्षीदार गाव सोडतात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच येतात. घटना पावसाळ्याच्या शेवटी घडली असेल तर साक्षीदारांचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालचा जबाब टोळी निघण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. मालकाकडे उचल घेतलेला साक्षीदार तीन महिन्यांनी तेच सांगेल याची खात्री कोणी देऊ नये.

टप्पा ८: अर्थसाहाय्य

हे दान नव्हे, नियम १२ खालचा हक्क आहे. गुन्ह्याच्या प्रकारानुसार रक्कम ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत जाते आणि टप्प्यांनी मिळते. जातीवरून अपमानाच्या (आर) आणि (एस) कलमांत एक लाख: पाव रक्कम गुन्हा नोंदल्यावर, निम्मे दोषारोपपत्रानंतर, उरलेले शिक्षा झाल्यावर. खुनाच्या प्रकरणात अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि अर्धी दोषारोपपत्रानंतर.

प्रस्ताव पोलिसांकडून समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत. अडतं कुठं? जातीचा दाखला नाही, पासबुकावरचं नाव आधारशी जुळत नाही, किंवा ठाण्यातून प्रस्तावच निघालेला नाही. तिन्ही गोष्टी स्वतः जाऊन तपासा. ही समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसायला हवी. बैठकीची तारीख लेखी विचारा. साक्षीला येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी नियम ११ प्रमाणे मिळते. ती फार थोडे लोक मागतात.

टप्पा ९: जामीन, समरी आणि कोर्ट

अत्याचार कायद्यात अटकपूर्व जामिनाला बंदी आहे, पण प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट तो देतं. म्हणजे परत फिर्यादीच्या मजकुरावरच येऊन थांबलो. जामिनाच्या प्रत्येक सुनावणीची नोटीस पीडिताला मिळायला हवी आणि म्हणणं मांडायचा हक्क कलम १५अ मध्ये आहे. नोटीस न देता जामीन झाला असेल तर तेच अपिलाचं कारण. अपील कलम १४अ खाली उच्च न्यायालयात, नव्वद दिवसांत. सोलापूरची अपिलं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. जुना पत्ता धरून मुंबईच्या वकिलाला पैसे देऊन बसू नका.

पोलिसांनी बी समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी असा अहवाल दिला, तर कोर्टाची नोटीस येते. ती न घेता परत पाठवणं ही आत्मघातकी चूक. नोटीस घ्या, नक्कल काढा, वकिलामार्फत हरकत नोंदवा. अहवालात ज्या साक्षीदारांचे जबाब घेतलेच नाहीत त्यांची नावं हरकतीत द्या.

खटला उभा राहिला की साक्षीदारांचे पत्ते नवे करून द्या. ऊसतोडीला गेलेल्याचं समन्स गावच्या पत्त्यावर जातं आणि 'मिळून आला नाही' म्हणून परत येतं. दोन-तीनदा असं झालं की साक्षीदार वगळला जातो. कारखान्याचं नाव, तालुका आणि मुकादमाचा फोन एका कागदावर लिहून कोर्टातल्या पैरवी अंमलदाराकडे (खटल्याचं काम बघणारा पोलीस) आणि सरकारी वकिलांकडे दर हंगामाच्या सुरुवातीला देत चला.